स्पाउटेड बेडमधील कणांचे अभिसरण कॅमेऱ्याने कसे मोजावे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रासायनिक अभियांत्रिकीचे विद्यार्थी, संशोधन सहायक आणि औषध कंपन्यांच्या कोटिंग विभागात काम करणारे अभियंते यांच्याकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते येथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल; जेथे विषय दुसऱ्या प्रश्नात आला आहे, तेथे त्याचा क्रमांक दिला आहे. उदाहरणांतील आकडे हिशेब समजावा म्हणून घेतले आहेत. आपल्या उपकरणाचे आकडे घालून तोच हिशेब पुन्हा करावा.

१. स्पाउटेड बेड म्हणजे काय, आणि तो फ्लुइडाइज्ड बेडपेक्षा वेगळा कसा?

फ्लुइडाइज्ड बेडमध्ये हवा तळाच्या जाळीतून सर्वत्र सारखी सोडली जाते. स्पाउटेड बेडमध्ये ती शंकूच्या आकाराच्या तळाशी असलेल्या एकाच तोंडातून जोराने आत येते आणि कणांच्या थराच्या मधोमध एक विरळ, वेगवान स्तंभ पाडते. हा स्तंभ म्हणजे स्पाउट. त्यातून वर फेकलेले कण पृष्ठभागाच्या वर कारंज्यासारखे पसरतात, भोवतीच्या दाट कंकणाकृती भागावर, म्हणजे ॲन्युलसवर, पडतात आणि हळूहळू खाली सरकत पुन्हा स्पाउटमध्ये शिरतात. एक मिलिमीटरहून मोठे, जड कण साध्या फ्लुइडाइज्ड बेडमध्ये नीट ढवळले जात नाहीत. त्यांच्यासाठी ही रचना सोयीची ठरते. कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेत माथुर आणि गिशलर हे गहू वाळवण्याच्या प्रश्नावर काम करीत असताना ती पुढे आली, आणि १९५५ साली त्यांचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला.

२. कण फिरताना डोळ्यांना दिसतातच. ते मोजायचे कशासाठी?

कारण उत्पादनाचा दर्जा कण किती वेळा फिरला आणि प्रत्येक फेरीला किती वेळ लागला यावर ठरतो. गोळ्यांवर किंवा पेलेट्सवर थर चढवताना फवारा एका ठरावीक जागी असतो, आणि कण तेथून जाईल तेवढ्या वेळाच त्याला थराचा अंश मिळतो. समजा, एका फेरीचा सरासरी काळ १० सेकंद आहे आणि कोटिंग एक तास चालते. म्हणजे प्रत्येक कणाच्या सरासरी ३६० फेऱ्या होतात. फेरीच्या काळाचे सापेक्ष प्रमाण विचलन (आकडे सरासरीच्या तुलनेत किती विखुरलेले आहेत याचे माप) ०.५ आणि एका फेरीत मिळणाऱ्या थराचे सापेक्ष प्रमाण विचलन १ धरले, तर दोन्हींच्या वर्गांची बेरीज १.२५ येते, तिला ३६० ने भागून वर्गमूळ काढले की अंतिम थरातील कणाकणांमधला फरक सुमारे ५.९ टक्के निघतो. यातून दोन गोष्टी कळतात. कोटिंगचा काळ चौपट केला तरी फरक निम्माच होतो. आणि फेरीचा काळ ठाऊक नसेल, तर हा हिशेब सुरूही करता येत नाही.

अणुइंधनाच्या ट्रायसो कणांवर कार्बन व सिलिकॉन कार्बाइडचे थर याच प्रकारच्या बेडमध्ये वायूच्या विघटनाने चढवतात. तेथे मूळ गाभा साधारण अर्ध्या मिलिमीटरचा आणि सिलिकॉन कार्बाइडचा थर सुमारे ३५ मायक्रॉनचा असतो, त्यामुळे काही कण कमी फिरले तर ते दोषपूर्ण इंधन ठरते.

३. बेड अपारदर्शक आहे. मग कॅमेरा नेमके काय टिपतो?

तो काचेला टेकलेला पहिला थर टिपतो, त्यापलीकडचे फारसे काही नाही. या मर्यादेचे भान पुढच्या प्रत्येक उत्तरात ठेवावे लागेल. तीन मांडण्या प्रचलित आहेत. पहिली पूर्ण गोल स्तंभाची: यात भिंतीलगतचा ॲन्युलस आणि वरचे कारंजे दिसते, स्पाउट अजिबात दिसत नाही. दुसरी अर्धस्तंभाची: गोल स्तंभ उभा चिरून सपाट बाजूला काच लावतात, त्यामुळे स्पाउट, ॲन्युलस आणि कारंजे तिन्ही एकाच चित्रात येतात. तिसरी चपट्या बेडची: दोन समांतर काचांमध्ये कणाच्या व्यासाच्या सहा-आठ पट जाडीचा थर ठेवतात.

पूर्ण स्तंभाच्या कारंज्याबद्दल एक इशारा द्यायला हवा. कारंज्याच्या गाभ्यात कण वर जात असतात आणि बाहेरच्या अंगाने खाली येत असतात. समोरून पाहणाऱ्या कॅमेऱ्याला बाहेरचा पडदाच दिसतो, म्हणून सॉफ्टवेअरने काढलेला वेग बहुतेक खाली येणाऱ्या कणांचा असतो. आकडा चुकीचा नसतो; त्याला कारंज्याचा वेग म्हणणे मात्र चुकीचे असते.

४. अर्धस्तंभात मोजलेले आकडे पूर्ण स्तंभाला लावता येतात का?

प्रवाहाचा आकार, अचल कोपरे आणि कणांचे मार्ग यांच्यासाठी बऱ्याच अंशी लावता येतात. स्पाउटमधल्या वेगासाठी लावू नयेत. ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात १९९० च्या दशकात ऑप्टिकल फायबरच्या सळईने दोन्ही प्रकारच्या स्तंभांत मापन झाले, तेव्हा एकाच परिस्थितीत अर्धस्तंभातील कणांचा वेग जवळपास ३० टक्क्यांनी कमी आढळला. सपाट काच नेमकी स्पाउटच्या अक्षावर येते आणि जेथे वेग सर्वाधिक असायला हवा तेथेच घर्षण घडवते, हे त्याचे कारण. चपट्या बेडमध्ये तर दोन्ही बाजूंना काच असते. आमच्या मते चपट्या बेडचे खरे काम संगणकीय प्रतिमान तपासण्याचे आहे: प्रतिमानातही त्याच दोन भिंती घालाव्यात आणि सारख्याची तुलना सारख्याशी करावी.

५. कॅमेऱ्याचा वेग किती हवा? सेकंदाला १००० फ्रेम पुरतील का?

हा प्रश्न सर्वाधिक वेळा येतो, आणि एका आकड्यात त्याचे उत्तर देता येत नाही, कारण या बेडमध्ये दोन घड्याळे एकाच वेळी चालतात. स्पाउटमध्ये कण सेकंदाला मीटरच्या हिशेबाने धावतो, तर ॲन्युलसमध्ये तोच कण सेंटिमीटरच्या हिशेबाने सरकतो. दोन्हींत सहज शंभरपटीचा फरक असतो.

समजा, १०२४ गुणिले १०२४ पिक्सेलच्या कॅमेऱ्यात एका मिलिमीटरला ५ पिक्सेल येतात आणि कण २ मिलिमीटरचा, म्हणजे १० पिक्सेलचा आहे. पीआयव्हीसाठी (चित्राच्या एकेका चौकटीतल्या कणांचे सरासरी सरकणे काढणारी पद्धत, प्रश्न ८) ३२ पिक्सेलची चौकट घेतली, तर दोन फ्रेममधले सरकणे चौकटीच्या पाव भागापेक्षा, म्हणजे ८ पिक्सेल किंवा १.६ मिलिमीटरपेक्षा, जास्त नसावे. स्पाउटच्या अक्षाजवळ वेग सेकंदाला ३ मीटर असेल, तर सेकंदाला सुमारे १९०० फ्रेम लागतात. व्यवहारात २००० घ्याव्यात. एक्स्पोजर, म्हणजे एका फ्रेमसाठी प्रकाश घेण्याचा काळ, हेही तितकेच महत्त्वाचे: त्या वेगाला चित्र एका पिक्सेलपेक्षा जास्त पुसट होऊ नये म्हणून ते १/१५,००० सेकंद किंवा त्याहून कमी हवे.

आता त्याच चित्रणात ॲन्युलस पाहा. तेथे वेग सेकंदाला २.५ सेंटिमीटर असेल, तर २००० फ्रेमच्या वेगाला दोन लागोपाठच्या फ्रेममध्ये कण ०.०६ पिक्सेल सरकतो. पीआयव्हीची स्वतःची अनिश्चितता साधारण ०.१ पिक्सेलच्या आसपास असते. म्हणजे जे मोजायचे त्यापेक्षा चूक मोठी. उपाय सोपा आहे: ॲन्युलससाठी दर चाळिसावी फ्रेम घ्यावी, म्हणजे सरकणे २.५ पिक्सेल होते.

मात्र पूर्ण फेरी टिपायची असेल तर हा उपायही अपुरा पडतो. एक फ्रेम साधारण १ एमबीची, म्हणजे २००० फ्रेमच्या वेगाला सेकंदाला २ जीबी माहिती जमते. कॅमेऱ्याची अंतर्गत मेमरी १६ जीबी असेल तर ती ८ सेकंदांत भरते, आणि फेरीचा काळ त्याहून मोठा असू शकतो. म्हणून आम्ही दोन स्वतंत्र चित्रणे सुचवतो: स्पाउटचे वेगवान, काही सेकंदांचे, आणि ॲन्युलसचे व फेरीच्या काळाचे संथ, सेकंदाला ५० फ्रेमचे, पण बराच वेळ चालणारे. दुसऱ्यासाठी साधा औद्योगिक कॅमेरा पुरतो.

६. मोबाइलच्या स्लो-मोशनवर काम भागेल का?

ॲन्युलसपुरते भागेल. स्पाउटसाठी नाही, कारण सेकंदाला २४० फ्रेमच्या वेगाला ३ मीटर वेगाचा कण दोन फ्रेममध्ये १२.५ मिलिमीटर पुढे जातो, म्हणजे स्वतःच्या व्यासाच्या सहापटीहून अधिक, आणि मग कोणता कण कोणता हे ओळखता येत नाही. शिवाय बहुतेक मोबाइलचे संवेदक चित्र ओळीओळीने वाचतात, त्यामुळे वेगाने वर जाणारा गोल कण ताणलेला दिसतो. ऑटोफोकस आणि ऑटो-एक्स्पोजर बंद करावे. फाइल ३० फ्रेमच्या वेगाने खेळवण्यासाठी साठवलेली असते. वेळेचा हिशेब मूळ वेगाने करावा आणि तो एखाद्या चालत्या स्टॉपवॉचचे चित्रण करून आधी पडताळावा.

७. चित्रणात बेड उजळतो, मंदावतो, पुन्हा उजळतो. कॅमेरा बिघडला आहे का?

बहुधा नाही. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असल्याने तिच्यावर थेट चालणारा दिवा सेकंदाला १०० वेळा उजळतो-मंदावतो. २००० फ्रेमच्या चित्रणात दर २० फ्रेमनी तो फरक दिसणारच. डीसी पुरवठ्यावर चालणारे एलईडी दिवे वापरावेत. हॅलोजन टाळावेत, कारण छोट्या एक्स्पोजरसाठी लागणारा प्रकाश ते देतात खरे, पण स्तंभाचे ॲक्रिलिक, म्हणजे पारदर्शक प्लास्टिक, तापवतात. दिवे दोन्ही बाजूंनी तिरपे, सुमारे ४५ अंशांत ठेवले की काचेवरची चकाकी कॅमेऱ्यात येत नाही.

८. पीआयव्ही वापरावी की पीटीव्ही?

पीआयव्ही चौकटीतल्या कणांच्या समूहाचे सरासरी सरकणे काढते. पीटीव्ही एकेक कण ओळखून त्याचा माग काढते. ॲन्युलस दाट असतो आणि शेजारचे कण जवळजवळ एकत्र सरकतात, त्यामुळे तेथे पीआयव्ही उत्तम चालते. वेगळे धूलिकण सोडावे लागत नाहीत, कणांचा पृष्ठभागच नक्षीचे काम करतो. स्पाउटच्या विरळ वरच्या भागात आणि कारंज्यात शेजारी कण वेगवेगळ्या वेगाने, कधी विरुद्ध दिशांनी जातात. तेथे सरासरीला फारसा अर्थ उरत नाही आणि पीटीव्ही घ्यावी. तिची अट अशी की दोन फ्रेममधले सरकणे कणांमधल्या सरासरी अंतराच्या निम्म्याहून कमी असावे, नाहीतर सॉफ्टवेअर शेजाऱ्यालाच मूळ कण समजते.

पारदर्शक काचेचे मणी टाळावेत. त्यांच्यात दिसणारा चमकता ठिपका दिव्याचे प्रतिबिंब असतो, आणि दोन दिवे असले की एका मण्याचे दोन मणी होतात. मोहरी किंवा मूग यांसारखे मंद पृष्ठभागाचे दाणे कॅमेऱ्याला अधिक सोयीचे जातात.

सॉफ्टवेअरसाठी मॅटलॅबमधील पीआयव्हीलॅब, पायथॉनमधील ओपनपीआयव्ही आणि कणांच्या मागासाठी फिजी या चित्र-विश्लेषणाच्या सॉफ्टवेअरमधील ट्रॅकमेट हे पर्याय परवडणारे व पुरेसे आहेत.

९. फेरीचा काळ मोजण्यासाठी एकच रंगीत कण टाकला. आकडे दोन गटांत येतात: एक १४ सेकंदांजवळ, दुसरा २८ जवळ. बेडमध्ये दोन प्रकारचे अभिसरण आहे का?

तशी शक्यता असते, पण दुसरा गट नेमका दुप्पट असेल तर आधी दुसरा संशय घ्यावा: कण एका फेरीत कॅमेऱ्यासमोर आलाच नाही आणि दोन फेऱ्या मिळून एक मोजली गेली. पूर्ण स्तंभात हे हमखास घडते, कारण कण मागच्या बाजूने खाली उतरला तर दिसत नाही. दर फेरीत कण दिसण्याची शक्यता ०.७ असेल, तर मोजलेली सरासरी खऱ्या सरासरीला ०.७ ने भागल्याइतकी, म्हणजे सुमारे ४३ टक्क्यांनी जास्त येते. खरी सरासरी पडताळण्याचा स्वतंत्र मार्ग प्रश्न ११ मध्ये दिला आहे.

रंगाबद्दलही काळजी घ्यावी. ऑइल पेंटचा जाड थर छोट्या कणाचे वजन आणि घर्षण दोन्ही बदलतो, आणि मग तो कण इतरांचा प्रतिनिधी राहत नाही. धान्य असेल तर खाद्यरंगात बुडवून पूर्ण वाळवावे. औषधी पेलेट्ससाठी प्रतिदीप्ती असलेल्या रंगाचा विरळ लेप, अतिनील दिवा आणि लेन्सवर योग्य फिल्टर ही जोडी चांगली चालते, कारण चित्रात फक्त तोच कण उजळ दिसतो. फेऱ्यांच्या काळाचे वितरण मुळातच रुंद असते: स्पाउटजवळ पडलेला कण लवकर आत ओढला जातो, तर भिंतीजवळ पडलेला थेट तळाच्या शंकूपर्यंत जातो. म्हणून मोजक्या फेऱ्यांच्या सरासरीवर विसंबू नये.

१०. गोल ॲक्रिलिक स्तंभात पिक्सेलचे मिलिमीटर कसे करावेत?

रिकाम्या स्तंभात आलेखाचा कागद गुंडाळून आतल्या भिंतीला घट्ट चिकटवावा आणि कॅमेरा जेथे राहणार तेथूनच त्याचे छायाचित्र घ्यावे. भिंतीच्या जाडीमुळे होणारे वक्रीभवन आणि वक्रतेमुळे होणारे आकुंचन दोन्ही त्यात आपोआप येतात. मधल्या अक्षापासून ३० अंशांवर आडवी अंतरे सुमारे १३ टक्क्यांनी आखूड दिसतात, त्यापलीकडे ती झपाट्याने बिघडतात. त्या पट्ट्याबाहेरचे आकडे सोडून द्यावेत. कॅमेरा दूर ठेवून लांब फोकल लेंथची लेन्स वापरली की चित्राच्या कडांचा तिरकसपणा कमी होतो.

११. वेग मिळाला. त्यावरून सेकंदाला किती ग्रॅम कण फिरतात हे कसे काढायचे?

वेगाला क्षेत्रफळाने, घन-अंशाने (जागेचा जेवढा हिस्सा कणांनी व्यापला आहे त्याने) आणि कणाच्या घनतेने गुणावे. अडचण घन-अंशाची असते. ॲन्युलसमध्ये कण जवळजवळ सैल भरलेल्या थराइतके दाट असतात, म्हणून तेथे ०.५५ ते ०.६ हा अंदाज विश्वासार्ह ठरतो. स्पाउटमध्ये मात्र तो उंचीनुसार बराच बदलतो. म्हणून हिशेब ॲन्युलसकडून सुरू करावा.

उदाहरण घेऊ. चपटा बेड १५ सेंटिमीटर रुंद आणि १.५ सेंटिमीटर जाड आहे, पृष्ठभागाच्या थोड्या खाली स्पाउटची रुंदी २ सेंटिमीटर, ॲन्युलसचा वेग सेकंदाला २.५ सेंटिमीटर, घन-अंश ०.५८ आणि काचेच्या कणांची घनता २.५ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर. ॲन्युलसची रुंदी १३ सेंटिमीटर. १३ × १.५ × २.५ × ०.५८ म्हणजे सेकंदाला सुमारे २८.३ घन सेंटिमीटर, अर्थात ७१ ग्रॅम कण खाली उतरतात. तेवढेच स्पाउटमधून वर जायला हवेत. स्पाउटचा सरासरी वेग १.५ मीटर असेल, तर २ × १.५ × १५० म्हणजे ४५० घन सेंटिमीटर, २८.३ ला त्याने भागले की घन-अंश ०.०६३ येतो, म्हणजे ९४ टक्के पोकळी. हा आकडा पटण्याजोगा आहे. तो ०.५ आला असता तर वेग किंवा स्पाउटची रुंदी चुकली असे समजावे, कारण इतका दाट थर त्या वेगाने वर जात नाही.

आता बेडमध्ये एकूण १ किलो कण असतील, तर १००० भागिले ७१ म्हणजे सरासरी फेरी १४ सेकंदांची. रंगीत कणाने मिळालेली सरासरी याच्या जवळपास यायला हवी. दोन वेगळ्या कॅमेऱ्यांनी, दोन वेगळ्या पद्धतींनी मिळालेले हे आकडे जुळले, की मग मापनावर विश्वास ठेवायला हरकत नाही. आमच्याकडे निकाल तपासायला येतात तेव्हा आम्ही आधी हा हिशेब मागतो. वेगाचे रंगीत नकाशे नंतर पाहतो.

१२. वर जाणारे आणि खाली येणारे प्रमाण जुळतच नाही. काय तपासावे?

सर्वप्रथम दोन्ही आकडे एकाच उंचीवरचे आहेत ना, ते पाहावे. ॲन्युलसमधून कण संपूर्ण उंचीभर स्पाउटमध्ये शिरत असतात, म्हणून खाली जावे तसे दोन्ही प्रवाह घटत जातात; तुलना एकाच आडव्या रेषेवर करावी. दुसरे, काचेलगतचा कण घर्षणामुळे आतल्या कणापेक्षा हळू सरकतो, त्यामुळे ॲन्युलसचा प्रवाह कमी मोजला जातो. तिसरे कारण सहसा लक्षात येत नाही: स्पाउटमध्ये कण गटागटाने जातात, आणि दाट गटाचा वेग विरळ भागापेक्षा वेगळा असतो. अशा वेळी सरासरी वेग आणि सरासरी घन-अंश यांचा गुणाकार हा सरासरी प्रवाह नसतो. प्रत्येक फ्रेममध्ये गुणाकार करून मग सरासरी घ्यावी.

१३. मग चित्राच्या उजळपणावरूनच घन-अंश काढता येणार नाही का?

चपट्या बेडमध्ये, मागून प्रकाश टाकून, विरळ भागापुरता काढता येतो. कण एकमेकांआड लपू लागले की उजळपणा एका मर्यादेला टेकतो आणि दुप्पट कण असले तरी चित्र तेवढेच काळे राहते. ज्ञात घन-अंशाची कृत्रिम चित्रे डीईएम प्रतिमानातून (प्रत्येक कणाची हालचाल स्वतंत्रपणे काढणाऱ्या संगणकीय प्रतिमानातून) तयार करून उजळपणा व घन-अंश यांचा संबंध बसवणे हा सध्याचा चांगला मार्ग आहे. तो संबंध त्याच कणांपुरता, त्याच जाडीपुरता आणि त्याच प्रकाशापुरता वैध असतो.

१४. तळाच्या कोपऱ्यात कण अडकून बसतात असे वाटते. ते सिद्ध कसे करावे?

यासाठी पीआयव्हीचीही गरज नाही. कॅमेरा घट्ट बसवून काही मिनिटांचे संथ चित्रण करावे आणि प्रत्येक पिक्सेलच्या उजळपणाचे काळानुसार प्रमाण विचलन काढून त्याचे एक चित्र बनवावे. जेथे कण हलतात तेथे पिक्सेल बदलत राहतो आणि चित्र उजळ येते. अचल कोपरा काळा राहतो, आणि त्याची सीमा इतकी स्पष्ट उमटते की शंकूचा कोन किती बदलावा याची चर्चा त्या एका चित्रावर करता येते. दिवा लुकलुकत असेल (प्रश्न ७) तर हे तंत्र फसते.

१५. स्पाउट सरळ राहत नाही, डावीकडे-उजवीकडे डुलतो. सरासरी घेतलेली चालेल का?

सरसकट सरासरी घेतल्यास स्पाउट खऱ्यापेक्षा रुंद आणि संथ दिसेल. प्रत्येक फ्रेममध्ये स्पाउटचा मध्य शोधावा, फ्रेम त्याप्रमाणे सरकवावी आणि मग सरासरी काढावी. डुलण्याची वारंवारता हवी असल्यास एका ठरावीक उंचीवरच्या मध्याची जागा काळानुसार मांडून तिचे फूरिये विश्लेषण करावे. डुलणे एकाच बाजूला झुकलेले असेल तर प्रवाहशास्त्रात शिरण्याआधी स्पिरिट लेव्हलने स्तंभ ओळंब्यात आहे का ते पाहावे.

१६. काही वेळाने कण काचेला चिकटतात आणि चित्र धुरकट होते.

हे स्थिर विद्युतभारामुळे होते आणि कोरड्या हवेत वाढते. कोकणातल्या पावसाळ्यात जो बेड शहाण्यासारखा वागतो, तोच हिवाळ्यात विदर्भातल्या प्रयोगशाळेत अडून बसू शकतो. ॲक्रिलिकऐवजी समोर काच लावावी, धातूच्या भागांना अर्थिंग करावे आणि येणाऱ्या हवेची आर्द्रता प्रत्येक प्रयोगात नोंदवावी. चिकटलेला कण पीआयव्हीला शून्य वेग दाखवतो व सरासरी खाली ओढतो. पार्श्वभूमीचे स्थिर चित्र आधी वजा केले की हा दोष बराच कमी होतो.

१७. आमच्या वुर्स्टर कोटरमध्ये मध्यभागी नळी आहे. वरील सारे लागू पडते का?

मध्ये नळी, म्हणजे ड्राफ्ट ट्यूब, असल्यास कण नळीच्या मधल्या उंचीवर स्पाउटमध्ये शिरू शकत नाहीत. ते फक्त तळाच्या फटीतून आत जातात. त्यामुळे नळीच्या संपूर्ण लांबीत खाली येणारा प्रवाह एकच राहतो, आणि प्रश्न १२ मधील उंचीची अट शिथिल होते. भिंतीवरचा वेग एका खिडकीतून मोजला तरी फेरीच्या सरासरी काळाचा चांगला अंदाज येतो. फवारा चालू असताना काच धुरकटते, म्हणून मापन कोरड्या कणांवर करण्याची पद्धत आहे; ओले कण एकमेकांना धरतात आणि हळू उतरतात, त्यामुळे कोरड्या मापनातला काळ प्रत्यक्षातल्यापेक्षा कमी निघतो.

१८. जेथे कॅमेरा पोहोचतच नाही तेथे काय?

तेथे किरणोत्सारी मागोव्याची तंत्रे वापरतात. एका कणावर किरणोत्सारी द्रव्य बसवून भोवतीच्या संवेदकांवरून त्याची जागा काढली जाते, आणि पोलादी भिंतीआडही त्याचा मार्ग कळतो. पॉझिट्रॉन उत्सर्जित करणारा कण वापरणारी पद्धत बर्मिंगहॅम विद्यापीठात विकसित झाली. उद्योगांतील किरणोत्सारी मागोव्याचे काम आपल्याकडे ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात अनेक वर्षे चालत आले आहे. या तंत्रात एका वेळी एकच कण दिसतो, परवानग्या लागतात आणि खर्च मोठा असतो. म्हणून कोनांचे, नळीच्या उंचीचे, हवेच्या वेगाचे पर्याय आधी चपट्या बेडमध्ये कॅमेऱ्याने गाळून घ्यावेत आणि उरलेल्या एक-दोन रचनाच तेथे न्याव्यात.